बंद टोकांची वेणी

कातडं आधी कमवायचं,
पैसा मागून. बाबांचा हिशेब एवढाच.
आम्ही जिनगर. जिन गेलं, गर उरला,
असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.
दौलतगंजात जिन्याखाली दुकान,
दोघं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं.
भिंतीला रापी, आरी, दाभण,
आणि बाभळीच्या सालीचा तो वास
जो जेवताना ताटापर्यंत यायचा.

वादी काढायची ती एका दमात.
थाळीएवढी चकती, कडेला रापी टेकलेली,
रापी हलायची नाही, चकती फिरायची,
आणि मांडीवर साचत जायची
नऊ हात लांब, अखंड.
तुटली तर त्या दिवशी चहा नाही.

मग भिजवायची, मेण चोळायचं,
चार पेड.
उजवीकडचा मागून जातो, दोघांना ओलांडतो,
एकावरून परत फिरतो.
डावीकडचा तेच करतो.
"परत आपल्या बाजूला यायचं.
न परतणारा पेड गोफ सैल करतो."
दादा सुरतेला गेला
त्यानंतर हे वाक्य दुकानात ऐकू आलं नाही.

मी चौथीत होते. धाकटीच्या वेळी आई झाशीला,
दोन महिने माझे केस बाबांकडे.
त्यांनी आठ पेड पाडले,
ओले केले, ताणले,
माझ्या भुवया कपाळात गेल्या.
सबनीसबाईंनी हात लावून पाहिलं,
"ही वेणी आहे की लगाम, गं?"
वर्ग हसला. मीही हसले,
शेपटा पुढे घेऊन, मेणाचा वास झाकत.
रात्री ती सोडवायला त्यांना तास लागला.
दाभणानं, एकेक पेड, असं जपून
जसा कुणाचा तरी माल परत करायचाय.

बंद टोकांची वेणी मात्र मला कुणी शिकवली नाही.
मी पाहिली.
पट्टीला मधोमध दोन चिरा, दोन्ही टोकं शाबूत.
सुटं टोकच नाही, तर विणायचं काय?
वर एक तिढा घातला
की खाली त्याचा उलटा तिढा पडतो,
आपण घालत राहतो, तो साठत राहतो.
मग थांबायचं.
खालचं टोक त्याच्याच चिरेतून
आरपार काढायचं, पुन्हा एकदा काढायचं,
सहा तिढ्यांनी खालचं देणं फिटतं.
गिऱ्हाईक उलटंसुलटं करून बघायचं,
"चिकटवलंत कुठे?"
बाबा कात्री पुढे करायचे. "कापून बघा."
कुणी कापली नाही.

परवाच्या लग्नसराईत मुन्ने खाँ आले,
फिरनीच्या कपाळाचं माप
सुतळीला गाठी मारून घेऊन.
कपाळपट्टी हवी, लाल-काळी, बंद टोकांचीच.
बाबांच्या हातातली बशी तेव्हा
त्यांच्याआधी बोलू लागली होती.
मी पट्टी माझ्याकडे ओढली.
ते काही म्हणाले नाहीत,
दिवा तेवढा माझ्या बाजूला सरकवला.

पहाटे त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला.
सातव्या तिढ्याशी थांबले.
"इथे घाई झाली."
सोडवू?
"राहू दे. घोडीला कळेल,
नवरदेवाला नाही."

वरात बाड्यावरून वळली.
डोक्यावर दिव्यांचे हंडे घेतलेल्या बायका,
बँडवाल्यांचे घामेजलेले गणवेश,
नोटा ओवाळणारा कुणीतरी मामा.
सगळे वर बघत होते, फेट्याकडे.
मी खाली, दोन कानांच्या मधे.
फिरनी माझ्यासमोर आली,
थबकली,
आणि मान झटकली एकदाच.

मी गुपचूप
माझी खाली घातली.